ड्रीमकॅचर घरी केलाय का कोणी? जाळी सैल पडतेय

मेधा_रावपुरा:
नमस्कार मंडळी, बऱ्याच महिन्यांनी धागा काढतेय. लेक आठ वर्षांची आहे, दिवाळीनंतर तिला तिची वेगळी खोली दिली आणि तेव्हापासून आठवड्यातून दोन-तीनदा तरी पहाटे उठून आमच्या खोलीत येते, वाईट स्वप्न पडलं म्हणते. मैत्रिणीच्या पलंगावर ड्रीमकॅचर (वाईट स्वप्नं पकडते म्हणतात ती रिंगवर विणलेली जाळी) टांगलेला बघून आली आणि आता तोच हवाय. एक ऑनलाइन मागवला, तर रिंग चपटी आणि पिसं नुसती गोंदाने डकवलेली, दुसऱ्या दिवशी सकाळी उशीभर पिसं. परत पाठवला आणि म्हटलं आपण दोघी मिळून करू.

तर आत्तापर्यंत तीनदा विणला आणि तीनदा उसवला. ह्यांनी जाड तार वाकवून आठ इंची रिंग करून दिली, त्यावर मी घरातलीच लोकर वापरली. पहिली फेरी छान बसते, दुसरी पण ठीक, तिसऱ्या फेरीला सगळं लोंबायला लागतं आणि ताणलं की रिंगच अंड्यासारखी होते. कुठे चुकतंय? आणि बडोद्यात सामान कुठे बघू? मंगळबाजारात दोन दुकानांत विचारलं, त्यांनी तयार ड्रीमकॅचरच दाखवले.

दोरागाठ:
लोकर हीच चूक. लोकर ताणते, आज घट्ट वाटली तरी उद्या सैल होणार. मेण लावलेला सुती दोरा घ्या, चपला शिवणारे वापरतात तसला, मेणामुळे गाठ सरकत नाही. आणि हाताने वाकवलेली तार नको, जोड असतो तिथेच ती वाकते. वेल्डिंग केलेली रिंग घ्या नाहीतर भरतकामाच्या लाकडी फ्रेमची आतली रिंग, स्क्रू नसलेली.

आता हिशोब सांगते. आठ इंची रिंगचा परीघ साधारण ६४ सेंमी. बारा गाठी घालायच्या तर दर ५.३ सेंमीवर पेन्सिलने खूण करा, अंदाजाने घालू नका, पहिल्या फेरीत अर्धा सेंमी इकडेतिकडे झालं तर मध्यापर्यंत पोचताना भोक एका बाजूला गेलेलं असतं. रिंगला सुएडची, म्हणजे मऊ चामड्याची पट्टी गुंडाळणार असाल तर तीन मीटर धरा. जाळीला पाचेक मीटर दोरा एकदम काढा, मध्येच जोड दिलात तर ती गाठ दिसतेच.

आणि मुख्य म्हणजे पहिली फेरी कडक ताणू नका. दोरा लोंबायला नको इतपतच. ताण पुढच्या फेरीने येतो, कारण ती आधीच्या दोऱ्याला मधोमध पकडून आत खेचते. पहिलीच तारेसारखी ताणली की दुसरीला खेचायला जागा राहत नाही, मग आपण जोर लावतो आणि रिंग अंडाकृती होते.

कमलआजी_दांडियाबाजार:
मेधा, नातवाने तुझा धागा वाचून दाखवला आणि एक व्हिडिओ पण दाखवला. अगं हा तर काजाचा टाका! रिंगवरून दोरा घ्यायचा आणि स्वतःच्याच फासातून काढायचा, आम्ही शाळेत शिवणाच्या तासाला लेस करायचो ती अशीच, फक्त कापडाच्या जागी आधीच्या फेरीचा दोरा. तुला काजं करता येतात ना? मग झालं. सुई घे बोथट, गोधडीची. हाताने दोरा ओवत बसशील तर पीळ पडतो आणि पीळ पडला की फास सारखे येत नाहीत. दर फेरीनंतर दोरा सोडून लोंबू द्यायचा, पीळ आपोआप उलगडतो.

मेधा_रावपुरा:
आजी!! काजाचा टाका म्हटल्यावर डोक्यात एकदम उजेड पडला. मी प्रत्येक वेळी पूर्ण गाठ मारत होते, म्हणूनच एकदा बसलं की हलत नव्हतं.

दोरागाठ, पेन्सिलच्या खुणांचं आजच करते.

उत्तरायणप्रेमी:
उत्तरायण आत्ताच झालीये, घरोघरी फिरक्यांवर दोरा पडून आहे. तोच वापरा की, फुकटात आणि मजबूत, रंग पण गुलाबी.

चिमणीताई:
कृपा करून नको. मांजाला काच लावलेली असते, बोटं कापतील, आणि हे आठ वर्षांच्या मुलीच्या उशाशी टांगायचंय. मी दर जानेवारीत करुणा अभियानाच्या (मांज्याने जखमी झालेले पक्षी वाचवायची मोहीम) दिवसांत पक्षी आणून देण्याचं काम करते, ह्या वर्षी एकट्या आमच्या गल्लीतून कबुतरं आणि एक घार, पंख अर्धे तुटलेले. नायलॉनच्या मांज्यावर तर २०१७ पासून देशभर बंदी आहे. तुमच्याकडचा उरलेला मांजा कात्रीने बारीक तुकडे करून मगच कचऱ्यात टाका, गुंता तसाच फेकला तर तो झाडावर जातो आणि मेपर्यंत पक्षी अडकत राहतात.

उत्तरायणप्रेमी:
माझ्या मनात काच न लावलेला साधा दोरा होता, लिहिताना चुकलं. तुकडे करायचं लक्षात आलं नव्हतं, आज करतो. गच्चीवर आणि समोरच्या कडुलिंबावर पण अजून आहे, बांबू घेऊन काढतो.

चिमणीताई:
कडुलिंबावरचा काढलात तर मनापासून आभार. साधा दोरा मात्र जाळीला फार बारीक पडेल, चार पदरी करून घ्यावा लागेल.

तर्कशुद्ध:
मूळ मुद्दा बाजूला राहतोय असं वाटतं म्हणून लिहितो. मुलीला वाईट स्वप्नं पडतात आणि आपण तिला सांगणार की जाळी ती पकडेल. उद्या जाळी पडली तर तिला झोपच येणार नाही. दारावर लिंबू-मिरची बांधण्यात आणि ह्यात फरक काय? ती घाबरते कशाला हे विचारा, झोपण्याआधी काय बघते ते बघा. शोभेची वस्तू म्हणून करा, माझी हरकत नाही, पण औषध म्हणून नको.

बालवाडीवाली:
तर्कशुद्ध, अर्धं पटलं, अर्धं नाही. पंचवीस वर्षं मुलांमध्ये काम करतेय. मेधा, ती पहाटे उठते आणि काय दिसलं ते तुला सांगू शकते, बरोबर? मग ती साधी दुःस्वप्नं आहेत, ती रात्रीच्या उत्तरार्धातच जास्त पडतात आणि ह्या वयात पडतातच, त्यात नवीन खोली. मूल रात्रीच्या पहिल्या प्रहरातच किंचाळून उठतं, आपल्याला ओळखत नाही आणि सकाळी त्याला काहीच आठवत नाही, ते वेगळं असतं, त्याला रात्रभीती म्हणतात. रोजचं झालं, शाळेत पेंगायला लागली, तर डॉक्टरांना विचार.

पण जाळीचं म्हणशील तर, मुलाला भीतीचं काहीतरी करता येतं ही भावना फार मोठी असते. आईबरोबर तीन संध्याकाळी बसून तिने स्वतः विणलं, त्या वेळात ती स्वप्नाबद्दल चार गोष्टी बोलली, तेवढ्यासाठी तरी करा. फक्त तिला "हे टांगलं की स्वप्नं बंद" असं वचन देऊ नका.

मेधा_रावपुरा:
हो, उठून आली की सगळं नीट सांगते. मगरीचं स्वप्न असतं. विश्वामित्रीला पूर आला होता तेव्हा सोसायट्यांमध्ये मगरी शिरल्याचे व्हिडिओ घरात सगळ्यांनी पाहिले, तिने पण पाहिले, ते माझ्याच फोनवर. तर्कशुद्ध, तुमचं म्हणणं मनाला लागलं, झोपायच्या आधीचा फोन बंद केलाय.

कारेलीबाग_ते_मिनेसोटा:
उशिरा येतेय पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. माहेर कारेलीबागेत, आता अठरा वर्षं मिनेसोटात, म्हणजे ड्रीमकॅचर ज्यांचा आहे त्यांच्या शेजारीच. हे ओजिब्वे लोकांचं, ते स्वतःला अनिशिनाबे म्हणवतात, सुपीरियर सरोवराच्या भोवतीचा प्रदेश त्यांचा, थोडे इकडे अमेरिकेत थोडे तिकडे कॅनडात. त्यांच्या भाषेत कोळ्याला जो शब्द आहे, असबिकेशी, तोच ह्यालाही वापरतात. गोष्ट अशी सांगतात की असिबिकाशी नावाची कोळीणआई सगळ्या बाळांना सांभाळायची, पुढे लोक लांबलांब पसरले, तिला प्रत्येक पाळण्यापाशी पोचता येईना, तेव्हा आया, मावश्या, आज्या तिच्यासाठी जाळी विणायला लागल्या. रात्री वाईट ते जाळीत अडकतं आणि सकाळचं ऊन पडलं की नाहीसं होतं.

फ्रान्सिस डेन्समोर नावाच्या संशोधक बाई ह्या लोकांच्या वस्तीत जाऊन नोंदी करायच्या, त्यांचा अहवाल १९२९ साली स्मिथसोनियनने छापला. त्यात ह्या जाळ्यांचं वर्णन आहे आणि ते वाचून मी चकित झाले होते कारण ती रिंग असते जेमतेम साडेतीन इंचांची! बाळाच्या पाळणाफळीच्या (बाळाला बांधून ठेवायची लाकडी फळी) कडीला अशा दोन टांगायचे. जाळीचा दोरा लाल रंगवलेला, त्याआधी म्हणे खाजकुयलीसारख्या एका झाडाच्या वाखाचा. म्हणजे आपण बाजारात बघतो ती दोन फुटी, पिसांचे झुबके लावलेली गोष्ट फार पुढची. १९६० आणि ७० च्या दशकांत वेगवेगळ्या आदिवासी जमाती एकत्र यायला लागल्या तेव्हा ती एकाकडून दुसऱ्याकडे गेली आणि मग सगळ्या जगाच्या दुकानांत.

त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना ह्याचं वाईट वाटतं, बाळासाठी आजीने विणायची वस्तू गाडीच्या आरशाला लटकलेली बघून. इथे १९९० पासून कायदाच आहे की आदिवासींनी न बनवलेली वस्तू त्यांची म्हणून विकता येत नाही. मेधा, तू घरच्या लेकीसाठी करतेयस, ते मला त्या मूळ वस्तूच्या अगदी जवळचं वाटतं. फक्त तिला गोष्ट सांगताना कोणाची आहे ते सांग.

कमलआजी_दांडियाबाजार:
साडेतीन इंच, पाळण्यावर, आजीने केलेलं, मग आपलं चिमणाळं वेगळं काय गं? माझ्या आईने माझ्या धाकट्या भावाच्या बारशाला केलं होतं, आठ चिमण्या रेशमी चिंध्यांच्या, आत कापूस, चोचीला लाल दोरा, मध्ये एक पोपट. वाऱ्याने फिरायचं आणि पोर टक लावून बघत झोपी जायचं. शेजारच्या पटेलांकडे घोडियाला, म्हणजे पाळण्याला, असंच झुंबर बांधायचे. नाव वेगळं, पण बाई रात्री दिव्यापाशी बसून पोरासाठी काहीतरी गुंफते ते तेच.

कारेलीबाग_ते_मिनेसोटा:
आजी, चिमणाळं! माझ्या मुलाच्या वेळी आईने पोस्टाने पाठवलं होतं, अजून आहे.

तर्कशुद्ध:
चिमणाळं शोभेचं आणि करमणुकीचं होतं, त्याने दृष्ट टळते असं कोणी म्हणत नव्हतं. तरीपण वरची माहिती आवडली, ऋण मान्य करून केलेली गोष्ट आणि बाजारातली गोष्ट ह्यात फरक आहे हे कबूल.

कमलआजी_दांडियाबाजार:
दृष्टीसाठी काळी बाहुली वेगळी असायची बाळा, ती पण आम्हीच करायचो.

ग्वाल्हेरची_माई:
आमच्या ग्वाल्हेरला सुनेने जुन्या बांगड्यांवर केलेत चार, अगदी छोटे. पण २.६ मापाची बांगडी आतून सव्वादोन इंचांच्या जेमतेम वर भरते, त्यात सहाच गाठी बसल्या, आठ घातल्या तर मध्ये सुई जाईना. साडेतीन इंच हवं असेल तर बांगडी पुरणार नाही, दुसरं काही बघ.

सुरसागरकाठचा:
साडेतीन इंची लाकडी रिंग हवी असेल तर एक सुचवतो. संखेड्याला खरादी लोक लाकूड कातून लाखेचं काम करतात, झोपाळ्याच्या कड्या, पाळण्याचे खांब, लहान मुलांची खेळणी सगळं करतात. माझ्या भाचीच्या घोडियाच्या वेळी एकाने उरलेल्या सागातून सहा कड्या कातून दिल्या होत्या, वर लाखेचा चढव, हाताला इतक्या गुळगुळीत की गुंडाळायला काही लागतच नाही. पण एक अडचण आहे, गुळगुळीत असल्यामुळे दोरा सरकतो. आम्ही गाठींच्या जागी कानशीने बारीक खाच पाडली.

आणि मणी प्लास्टिकचे घेऊ नका, खंबायतचे अकीक घ्या. गाडीने दीड-दोन तासांवर खंबायत. दगड येतो रतनपूरच्या बाजूने, काढतात तेव्हा मातकट असतो, उन्हात वाळवून मग मडक्यात भट्टीला घालतात तेव्हा त्यातलं लोह लाल होतं आणि तो केशरी-तांबडा रंग येतो. लोथलला हडप्पाच्या काळातली मण्यांची भट्टी सापडलीये, तिथून आजपर्यंत ह्याच भागात हे काम चालू आहे. मण्यांना भोकं पाडायला त्यांचा जो धनुकलीचा सामता असतो तो फिरताना बघितला की तिथून पाय निघत नाही, मी एकदा गेलो आणि परतीची बस चुकली तरी वाईट वाटलं नाही, दुसऱ्या कारागिराकडे जाऊन बसलो.

दोरागाठ:
वा, सुंदर माहिती. फक्त अकीक जड असतो, साडेतीन इंचीत एकच मणी घाला आणि तो मध्याच्या वरच्या बाजूला, नाहीतर जाळी खाली ओढली जाईल. जाळीत मणी म्हणजे कोळी असं समजतात बरेच जण, त्यामुळे एकच शोभतो.

बरोडा_बहू:
पिसांचं काय? मोरपीस लावलेलं मला फार आवडतं, जावेला न्यू जर्सीला पाठवायचा विचार आहे.

चिमणीताई:
आपोआप गळलेलं मोरपीस घरात ठेवायला आपल्या कायद्याने मनाई नाही, पण देशाबाहेर पाठवायला बंदी आहे, त्याच्या केलेल्या वस्तू पण पाठवता येत नाहीत. जावेला पाठवू नका, पार्सल अडकेल. मोर मारून उपटलेली पिसं ओळखायची तर देठाचं टोक बघा, गळलेल्याचं टोक स्वच्छ असतं, उपटलेल्याचं रक्ताने डागाळलेलं. टोक कापून विकत असेल तर मी तरी घेत नाही.

बालवाडीवाली:
पिसं लहान मुलाच्या उशाशी नकोच असं माझं मत. धूळ धरतात, सर्दी-दम्याच्या मुलाला त्रास होतो आणि धुता येत नाहीत. नवरात्रीच्या चनियाचोळीची लटकणं लावा की, मंगळबाजारात ढिगाने मिळतात, आभल्याची, कवड्यांची, लोकरीच्या गोंड्यांची. गोंडे धुता येतात. आणि कोणी तान्ह्या बाळासाठी करणार असेल तर मणी, कवड्या काही नको, आणि हाताला येईल असं पाळण्यात तर मुळीच टांगू नका. लांब, भिंतीवर.

बरोडा_बहू:
बरं झालं विचारलं. जावेसाठी आता लटकणं.

कलाभवन_८९:
मला लटकणं लावणं खटकतं. वर कोणीतरी मूळ लोकांच्या भावनेचं लिहिलं, आणि लगेच आपण त्याला गरब्याचे गोंडे लावतोय. करायचं तर जसं आहे तसं करा, नाहीतर सरळ आपलं तोरण करा आणि त्याला तोरण म्हणा.

कारेलीबाग_ते_मिनेसोटा:
कलाभवन, मी पण आधी असाच विचार करायचे. इथे जत्रेत एक ओजिब्वे आजी विणायला बसलेल्या असतात, त्यांना मी विचारलं की माझ्या देशात लोक आपापलं काही त्यात घालतात, चालतं का. त्या म्हणाल्या बाळासाठी आहे ना, मग तुझ्या घरात जे चांगलं आहे ते घाल, फक्त दुकान मांडून आमचं म्हणून विकू नकोस. सगळ्यांचं मत तसंच असेल असं नाही, मला त्यांनी सांगितलं ते सांगितलं.

कलाभवन_८९:
हे ऐकून बरं वाटलं. मग माझी एक सूचना, लटकण एकच लावा, खाली मध्ये. तीन-तीन लावली की जाळीकडे कोणी बघतच नाही.

गच्चीवरची_बाग:
रिंगसाठी अजून एक. मूळ रिंग विलोच्या ओल्या फांदीची असते, ते झाड आपल्याकडे सहज मिळत नाही, पण मधुमालतीचा वेल चालतो. पेन्सिलपेक्षा बारीक, ह्या वर्षीची हिरवी फांदी घ्या, पानं काढा, रात्रभर बादलीत बुडवा, सकाळी वाटीभोवती दोनदा गुंडाळून सुतळीने बांधा. मग आठ-दहा दिवस सावलीत वाळू द्या. घाई करून ओल्यावरच विणलं तर वाळताना रिंग आकसते आणि जाळी लोंबते, माझे पहिले दोन असेच वाया गेले. उन्हात ठेवली तर तडकते.

मेधा_रावपुरा:
मधुमालती आमच्या गेटवरच आहे!! आजच कापते. सगळ्यांचे खूप खूप आभार, दहा दिवसांनी सांगते काय झालं ते.

उत्तरायणप्रेमी:
कडुलिंबावरचा सगळा काढला. दोन पिशव्या भरल्या.

चिमणीताई:
तुमचं तोंड गोड होवो.

मेधा_रावपुरा:
बारा दिवस झाले, सांगते आता. मधुमालतीच्या तीन रिंगा केल्या, एक तडकली, दोन टिकल्या. वेलाच्या सालीला दोरा छान पकडतो, पट्टी गुंडाळावीच लागली नाही. साडेतीन इंचीच ठेवली. आठ गाठी, दोरा मेणाचा मरून रंगाचा. पहिली फेरी मी घातली, दुसरीपासून तिने, गोधडीच्या सुईने. आजींचं पीळ सोडायचं तिला फार आवडलं, प्रत्येक फेरीला दोरा सोडून गरगर फिरताना बघत बसायची. तिसऱ्या फेरीला मी श्वास रोखून होते पण लोंबली नाही. एक अकीकाचा मणी घातला, माझ्या आजीच्या जुन्या तुटलेल्या माळेतला. खाली एकच लटकण, कलाभवनदादा, तिच्या गेल्या वर्षीच्या चनियाचोळीचं, ती आता तिला होत नाही.

विणताना मी कोळीणआईची गोष्ट सांगितली, कोणाची आहे आणि ते लोक कुठे राहतात ते पण, तिने नकाशात ते सरोवर शोधलं. मग म्हणाली आई, मगर एवढ्याशा जाळीत मावेल का? मी म्हटलं तुला काय वाटतं. विचार करून म्हणाली शेपटी मावेल, शेपटी अडकली तर ती पुढे येऊ शकणार नाही. बालवाडीवालीताई, तुम्ही सांगितलं होतं तसं मी काहीच वचन दिलं नाही, हे तिचं तिनेच ठरवलं.

खिडकी पूर्वेला आहे, तिथेच टांगलाय, सकाळी आठ वाजता ऊन बरोबर मण्यावर येतं. ह्या आठवड्यात एकदा उठून आली. तर्कशुद्ध, फोन बंद केल्याचा परिणाम असेल, नवीन खोलीची सवय झाली असेल, मला माहीत नाही, मी दोन्ही चालू ठेवणार आहे.

तर्कशुद्ध:
दोन्ही चालू ठेवा. शेपटीचं वाचून फार छान वाटलं. माझ्या मुलीसाठी एक करीन म्हणतो, सागाच्या कडीवर.

सुरसागरकाठचा:
कडी हवी असेल तर संपर्कातून कळवा, माझ्याकडे त्यातल्या दोन शिल्लक आहेत.

ग्वाल्हेरची_माई:
मेधा, शेवटची गाठ कशी बांधलीस? आमची मध्यात नेहमी सुटते आणि गोंद लावला की पांढरा डाग दिसतो.

मेधा_रावपुरा:
माई, मधल्या भोकाच्या सगळ्या फासांतून दोरा एकदा पूर्ण फिरवून घेतला, मग ओढून दुहेरी गाठ, आणि टोक मेणबत्तीजवळ नुसतं धरून कात्रीच्या पात्याने दाबलं. मेण वितळून गाठीत शिरतं, गोंद लागत नाही. पण भोक पूर्ण मिटवू नका, करंगळीचं टोक जाईल एवढं ठेवा. चांगली स्वप्नं तिथून येतात म्हणे, आणि आमच्याकडे तर रोज सकाळी त्यात करंगळी घालून बघणं चालू आहे.